मी, संगणक आणि तो निळा पंखा

मी एक जुना कीबोर्ड आहे आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, मला पंखे आवडत नाहीत. छतावरचे मी एक वेळ चालवून घेतो, पण संगणकाच्या कुशीत तार खुपसून बसणारे मुळीच नाही. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, म्हातारा जळतो. हो, जळतो. जळण्यासारखे घडले म्हणून जळतो. आधी सगळे ऐका आणि मग काय ते ठरवा.

पुस्तकात मला कळफलक असे भारदस्त नाव आहे, पण त्या नावाने मला आजवर कुणी हाक मारलेली नाही. माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. साच्यातून माझे अंग निघाले, मग त्यावर एकेक कळ बसली, कळांवर अक्षरे छापली गेली. शेवटी एका बाईने माझी प्रत्येक कळ दाबून पाहिली आणि मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी. तशी मान तिने त्या दिवशी आणखी कितीजणांसमोर डोलावली असेल, याचा मी विचार करत नाही.

तिथून मी खोक्यात बसून रक्ततपासणीच्या एका लॅबमध्ये आलो. पुढच्या खोलीत एक लांब बाक. त्यावर माणसे कोपरात कापसाचा बोळा दाबून बसलेली. मागच्या खोलीत नळ्या गरगर फिरवणारे यंत्र, आणि दोन्हींच्या मधे, खिडकीखाली, आमचे टेबल. आमचे म्हणजे माझे आणि संगणकाचे. माऊस आणि संगणकाचा पडदाही होते म्हणा, पण ते आपले असेच.

लॅब डॉक्टरांची होती आणि रिपोर्ट टाइप करायचे काम त्यांच्या थोरल्या बहिणीकडे. डॉक्टरांची मुले तिला आत्या म्हणत, म्हणून यंत्रवाल्यापासून पेशंटपर्यंत सगळ्यांची ती आत्याच झाली. पहिल्याच दिवशी तिने चष्मा पुसला आणि माझ्या कळांवर मराठी अक्षरांचे चिमुकले कागद चिकटवले. रिपोर्ट इंग्रजीत जायचे, पण पेशंटला द्यायच्या सूचना ती मराठीत लिहायची. ‘उद्या सकाळी उपाशीपोटी या. पाणी चालेल. चहा चालणार नाही, अर्धा कपसुद्धा नाही.’ हे शेवटचे वाक्य तिने अनुभवातून घातले होते.

सूचना लिहून झाली की ती संगणक तसाच मराठीवर सोडून उठायची. डॉक्टर वैतागायचे.

“ताई, उठताना भाषा बदलून ठेवत जा गं. मी आकडे टाकायला बसतो आणि भलतंच उमटतं.”

“तुला बदलता येते ना? मग बदल की,” आत्या म्हणायची. ही कटकट रोजची होती आणि दोघांनाही तिची सवय झाली होती.

माझे ते वैभवाचे दिवस होते. आत्याची बोटे माझ्यावरून अशी धावायची की बाकावरची माणसे मान वळवून बघत. बाहेर बसलेल्या माणसाला काय झाले आहे, ते त्याच्याआधी मला कळायचे. कुणाची साखर वाढली, कुणाच्या घरी पाळणा हलणार, कुणाला तो आजार आहे ज्याचे नाव तो बायकोलाही सांगणार नाही. ते सगळे माझ्यातून संगणकात गेले आणि तिथेच राहिले. आत्याने कधी कुणाजवळ तोंड उघडले नाही आणि मीही नाही. माणसे विश्वासाने हात पुढे करतात ते रक्तापुरतेच नव्हे, असे डॉक्टर म्हणत.

आणि संगणक! माझ्यावाचून त्याला चकार शब्द कळत नसे. त्याचा जीव पोलादाचा असेल, पण त्याचे कान म्हणजे मी. पडद्याला मऊ फडके मिळायचे, माऊसला स्वतःची गादी मिळाली, आणि मला मात्र उलटे धरून पाठीवर चापट्या. तरी मी मनाची समजूत घालायचो, की घरात ज्याच्यावर जास्त भार, त्यालाच जास्त चापट्या.

पुढे डॉक्टरांच्या मुलाचे लग्न झाले आणि सूनबाई लॅबमध्ये रक्त काढायला बसू लागली. तिचा हात फार हलका. सुई कधी गेली आणि कधी आली ते कळत नाही, असे लोक सांगत. ‘सूनबाई आहेत ना? मग थांबतो,’ असे म्हणणारे पेशंट आत्याच्या कानावर पडू लागले. ज्या लॅबमध्ये इतकी वर्षे सगळे आत्याला विचारून चालायचे, तिथे हे जरा बोचणारच. आत्या काही वाईट बोलली नाही. फक्त तिच्याशी अगदी सांभाळून, मोजके बोलू लागली. सूनबाईही ‘हो आत्या, नाही आत्या’ यापलीकडे जाईना. त्या दिवसांत आत्याचे आणि माझे फार जमायचे. दोघांच्याही पोटात एकच दुखणे होते.

आता त्या लॅबचा एक नियम सांगतो. नाव नसलेली नळी तिथे कुणी हातात घेत नसे. कुणाची, कुणी आणली, हे वर लिहिलेले नसेल तर नळी सरळ टाकून द्यायची. एकदा डॉक्टरांच्या जिवलग मित्राने घरून बाटली पाठवली, वर नाव नाही. आत्याने ती टाकली आणि त्याला निरोप धाडला, ‘नाव घालायला विसरलात, आता पुन्हा पाठवा.’ मित्र रागावला, डॉक्टर हसले, नियम मात्र टिकला.

अशा या लॅबमध्ये, ऐन उन्हाळ्यात, तो आला.

झाले असे की रिकाम्या बाटल्यांच्या खोक्याबरोबर एक छोटे पाकीट आले. पाठवणाऱ्याचे नाव नाही. डॉक्टर घाईत होते. ताईने काही मागवले असेल, असे समजून त्यांनी ते टेबलावर ठेवले आणि ते आत गेले. मग सूनबाई आली. पाकिटात तळहाताएवढा निळा पंखा, संगणकात तार खुपसली की फिरणारा. तिला वाटले, आत्याने स्वतःसाठी आणला. तिने कौतुकाने तो जोडला, त्याचे तोंड आत्याच्या खुर्चीकडे वळवले आणि ती हसून बाजूला झाली. तेवढ्यात आत्या आली. बघते तर खुर्चीवर गार वारा आणि शेजारी सूनबाई हसतेय. आत्याला वाटले, पोरीने माझ्यासाठी आणला.

बोलले मात्र कुणीच नाही. आणलेल्या वस्तूची चौकशी करणे म्हणजे देणाऱ्याचा अपमान, असे त्या घरातले वळण. आत्याने दुसऱ्या दिवशी घरून सूनबाईसाठी चहाचा वेगळा थर्मास आणला. सूनबाई आत्याच्या शेजारी स्टूल ओढून बसू लागली. दोघी त्या निळ्या वाऱ्यात गप्पा मारू लागल्या, एकदा तर आत्याने तिला माझ्यावर मराठी टाइप करायलाही शिकवले. आणि मी काय करत होतो? मी जळत होतो. कालचा तो पंखा, ना अक्षर ओळखीचे ना काम कसले, नुसता गरगरतो, आणि सगळे लाड त्याचे! आत्या रोज त्याची पाती पुसायची. माझ्या कळांमधे बिस्किटाचा चुरा तसाच.

पण खरी आग लागायचे कारण वेगळे होते. त्याची तार आत गेली तेव्हा संगणकाने नेहमीप्रमाणे विचारले, तू कोण? आणि तो निळा भामटा, माझ्या देखत, हळूच म्हणाला, ‘मी कीबोर्ड.’

पंखा नव्हे, कीबोर्ड! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. संगणक बिचारा सरळ मनाचा. तारेतून कुणी आपले नाव सांगितले की तो खरे मानतो. त्याने पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेही, ‘नवीन कीबोर्ड जोडला गेला.’ ते क्षणभर दिसले आणि पुसले गेले. सूनबाई त्या वेळी पंख्याचे तोंड वळवण्यात गुंतली होती. मला सांगायचे होते, पण माझी कळ कुणी दाबल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही.

त्याच दुपारी आत्या हात धुवायला उठली, टेबल रिकामे झाले, तसा तो कामाला लागला. एक छोटी चौकट उघडून तो त्यात भराभर अक्षरे ओतू लागला. संगणकाला हुकूम सोडत होता, गुपचूप, माझ्या नावाने. इतका वेग मी आत्याच्या बोटांतही पाहिला नव्हता, आणि खरे सांगतो, क्षणभर मला त्याचाही हेवा वाटला.

पण त्याची फजिती झाली. आत्याने संगणक मराठीवर सोडला होता! भामट्याला वाटत होते आपण इंग्रजीत हुकूम देतो आहोत, आणि उमटत होते ‘मदजी्र’ असले काहीतरी. संगणकाने शांतपणे उत्तर दिले, ‘असे काही सापडले नाही.’ पुढची अक्षरे उपाशीपोटीच्या सूचनेत जाऊन पडली. असा आनंद मला फार दिवसांत झाला नव्हता.

तो आनंद आत्या परत येईपर्यंतच टिकला.

“अगं बाई! हे काय उमटलंय?” तिने डोळे बारीक केले. “सूनबाई, तू काही केलंस का?”

“नाही आत्या. मी तर आत होते.”

“मग ह्या म्हाताऱ्यालाच झालंय काहीतरी. आपल्या आपण बरळतोय.”

म्हातारा म्हणजे मी. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्या दिवशी मला उलटे करून इतके बडवले की बिस्किटाबरोबर एक टाचणी आणि कुणाच्या तरी शर्टाच्या गुंडीचा तुकडाही बाहेर आला. पंखा शेजारी डुलत राहिला. मग हे वरचेवर होऊ लागले. टेबल रिकामे झाले की त्याची बडबड सुरू, संगणक मराठीवर, आणि चौकटीत अक्षरांचा सडा. दर वेळी बोल मला. कुणी माझ्या कळा स्पिरिटने पुसल्या, कुणी माझी तार पिळून पाहिली.

शेवटी डॉक्टर म्हणाले, “ताई, हा कीबोर्ड आता भंगारात टाक. एखाद्या रिपोर्टात असलं काही घुसलं तर पेशंटच्या जिवाशी खेळ होईल.”

“टाकते,” आत्या म्हणाली. एवढेच. ‘इतकी वर्षे झाली’ नाही, ‘बघू थोडे दिवस’ नाही. पंख्याला मात्र त्याच हाताने तिने जरा उजवीकडे सरकवले, वारा नीट लागावा म्हणून.

ती दुपार मी विसरणार नाही. सूनबाई नुकतेच तातडीचे आकडे भरून उठली होती. तिला भाषा बदलून ठेवायची सवय, म्हणून संगणक त्या वेळी इंग्रजीवर होता. आत्या आली, वाकली आणि तिने माझी तार ओढून काढली. जगातला सगळा आवाज बंद झाल्यासारखे मला वाटले. माझ्याभोवती तार गुंडाळत ती क्षणभर उभी राहिली, आणि तिची नजर पडद्यावर गेली.

पडद्यावर एक काळी चौकट उघडली होती. तिच्यात अक्षरे उमटत होती. या वेळी नीट, एकामागून एक. आणि खाली एक पट्टी पुढे सरकत होती: रिपोर्टांच्या फाईली एकत्र बांधल्या जात होत्या.

“सूनबाई!” आत्या ओरडली. “अगं, कीबोर्ड माझ्या हातात आहे! मग हे लिहितंय कोण?”

सूनबाई धावत आली. तिने आत्याच्या हातात लोंबणारी माझी तार पाहिली, मग पडदा पाहिला. “आपले सगळे रिपोर्ट आहेत हे. कुणीतरी बाहेर नेतंय.”

माऊस जागच्या जागी गप्प होता. पडद्याला लिहिता येत नाही. उरला कोण? दोघींच्या माना एकदम पंख्याकडे वळल्या. सूनबाईचा हात पुढे झाला आणि थांबला. आत्याचाही हात पुढे झाला आणि थांबला. पट्टी सरकतच होती आणि या दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत होत्या.

“आत्या, तुमचा... तुमचा पंखा काढू का?”

“माझा? माझा कुठला? तूच आणलास ना तो?”

“मी नाही. मला वाटलं तुम्ही—”

आत्याने पुढचे ऐकलेच नाही. तिने पंख्याची तार अशी हिसडली की तो टेबलाखाली जाऊन पडला. अक्षरे अर्ध्या शब्दावर थांबली. पट्टी मात्र सरकत राहिली, कारण हुकूम आधीच सुटला होता. तेव्हा सूनबाईने भिंतीजवळ झेप घेतली आणि इंटरनेटची वायर उपटून काढली. मग दोघी खाली फरशीवरच बसल्या. मी अजून आत्याच्या काखेत होतो.

दुसऱ्या दिवशी संगणक तपासणाऱ्या एक बाई आल्या. आधी त्यांनी संगणकाचे पोट तपासले. सगळी माणसे त्यांच्या पाठीशी श्वास रोखून उभी.

“बांधाबांध झाली होती,” त्या म्हणाल्या. “बाहेर काही गेलेलं नाही. वायर वेळेवर काढलीत.”

डॉक्टर मटकन खुर्चीत बसले. मग बाईंनी पंखा उघडला. मोटरीच्या मागे नखाएवढी एक चकती होती.

“वारा घालायला ही लागत नाही. हिचं काम एकच, संगणकाला सांगायचं की मी कीबोर्ड आहे, आणि मग टाइप करत सुटायचं. संगणकाला डोळे नसतात हो. कुणीही मी घरचाच म्हटलं की तो दार उघडतो. आला कुठून हा?”

डॉक्टरांनी पाकिटाचे सांगितले. कुणाचे, कुणी पाठवले, कुणालाच ठाऊक नव्हते. आत्या खाली बघून म्हणाली, “नाव नसलेली नळी आपण उंबऱ्याबाहेर टाकतो, आणि ह्याला मी रोज पुसत होते.” पाठवणारा शेवटपर्यंत सापडला नाही. डॉक्टरांनी तक्रार दिली, सगळे पासवर्ड बदलले, आणि संगणकाच्या मोकळ्या खाचांना बुचे बसली.

बाई आवराआवर करत असताना सूनबाई हळूच म्हणाली, “आत्या, म्हणजे तो थर्मास तुम्ही पंख्यासाठी आणला होता.”

“आणला होता पंख्यासाठी,” आत्या म्हणाली, “पण रोज भरत होते ते तुझ्यासाठी. उद्याही भरणार आहे. आणि आता असं काही टेबलावर दिसलं की सरळ विचारायचं, आत्या, हे कुणाचं? मी रागावले तर रागावू दे.”

सूनबाई हसली आणि तिने डोळे पुसले. हे सगळे मला जरा जास्तच वाटले, कारण भंगाराच्या पिशवीतून मला अजून कुणी बाहेर काढले नव्हते.

काढले एकदाचे. बाईंनी मला उघडून आतबाहेर पाहिले आणि निर्दोष ठरवले. मग संगणकाला त्यांनी एक नवी शिस्त लावली. माझी तार आत गेली. मी वाट बघत होतो की तो मला ओळखेल, इतक्या वर्षांचा सोबती परत आला म्हणून आनंदेल. आणि पडद्यावर अक्षरे आली:

‘एक कीबोर्ड जोडला गेला आहे. तो तुम्हीच जोडला आहे का? खात्रीसाठी त्यावरून पुढील आकडे टाइप करा.’

एक कीबोर्ड! मित्रांनो, माझ्या सगळ्या कळा सुन्न झाल्या. त्या निळ्या उपटसुंभाला न विचारता आत घेतले, आणि मला विचारतो, तू कोण?

“अगं बाई, ह्यालासुद्धा विचारतो?” आत्या म्हणाली.

“ह्यालाच आधी,” बाई म्हणाल्या. “चोर नेहमी जवळच्याचंच नाव सांगून येतो. म्हणून जवळच्याला विचारायचं. ह्याच्यावर बोटं ठेवणारं माणूस समोर आहे, त्याला आकडे दिसतात, ते टाकेल. पंख्याला ते कसे दिसणार?”

आत्याने चष्मा सारखा केला. एकेक आकडा वाचून तिने माझ्या कळा दाबल्या, सावकाश, नव्याने शिकल्यासारख्या. पडद्यावरची चौकट मिटली आणि मागे तिची अर्धवट राहिलेली सूचना दिसली. ती पुढे लिहू लागली.

मित्रांनो, तुमच्याही घरी कधी असे काहीतरी येईल. वाटेत सापडलेले, फुकट मिळालेले, कुणी दिले ते धड ठाऊक नसलेले. कितीही गोंडस असो, ते संगणकाला जोडण्याआधी विचारा, हे कुणाचे, कुणी आणले? उत्तर मिळाले नाही तर मोठ्यांना दाखवा आणि जोडू नका. विचारल्याने कुणी लहान होत नाही, आणि ज्याला विचारले त्याचाही मान जात नाही.

मला विचारले तेव्हा माझा जीव जळला होता, खोटे कशाला बोलू? पण त्या दिवसापासून आत्या माझ्यावर बोट ठेवते, तेव्हा संगणकाला पक्के ठाऊक असते की बोलतो आहे तो मीच, दुसरा कुणी नाही. इतकी वर्षे मी त्याच्याकडे एवढेच तर मागत होतो.